खडा पडल्याचे रोडगे

माझ्या धाकट्या भावाला मुतखडा कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात आजही काही लोक ते मानायला तयार नाहीत. खडा होता, तो पडला आणि पडता पडता पोराच्या डोक्यावर परिणाम करून गेला, असं एका म्हातारीनं मला परवाच तोंडावर सांगितलं. मी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. आणखी काय करणार?

माझं माहेर मोर्शीकडचं. तिथं भावाची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा डोळा काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, असं ते काम. हात हलला की डोळा वाया. भावाचा हात इतका चांगला की लोक पार मध्य प्रदेशातून रोपं न्यायला येतात. त्याच हाताला काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात थरथर सुटली. वाफ्यात बसल्या बसल्या छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही, आणि आता आपण मरतो अशी त्याची खात्रीच व्हायची. थोड्या वेळानं सगळं उतरायचं. मग ते पुन्हा येईल या भीतीत तो दिवस काढायचा. चाकू हातात घेईना, बाजारात जाईना, न्हाव्याच्या खुर्चीत बसेना.

भावजय त्याला अमरावतीला घेऊन गेली. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. हार्ट एकदम चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा भावाचं तोंड उतरलं म्हणे. हार्ट खराब असतं तर सांगायला तरी बरं होतं! त्या भल्या माणसानं मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. घरी येऊन भावानं हे सांगितलं, तर आईनं आधी उठून दार लावलं.

"येड्याच्या डॉक्टरकडं? माह्या पोराले काय येड लागलं काय?"

मी अकोल्याहून फोनवर होते. मी ओरडले, की आई, येड-बिड काही नाही, जिवाला भीती बसते, त्यावर औषध असतं. आई म्हणाली, "तू आधी हळू बोल. फोनचा आवाज बाहेर जाऊन राह्यला."

तेव्हाच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझं अकोल्यात जठारपेठेत ब्लाउज शिवायचं आणि साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. माप देता देता बायका मला काय काय सांगतात! गर्भाशय काढल्याचं सांगतात, मूळव्याधीचं सांगतात, सासूच्या बद्धकोष्ठाचं तर असं रंगवून सांगतात की दुपारचा डबा खाववत नाही. पण मला भीती वाटते, झोप येत नाही, उगीच रडू येतं, हे म्हणायची वेळ आली की सगळ्यांची दातखीळ बसते. माणसाच्या मानेखाली काहीही झालं तर चालतं, वर काही झालं की घराण्याची अब्रू जाते. हा कुठला कायदा आहे, मला कोणी समजावून सांगेल का?

अमरावतीत दाखवायचं नाही, हा आईचा हुकूम. कारण काय, तर अमरावतीच्या कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी आपल्या तालुक्याचं कोणीतरी बाकावर बसलेलं असतंच. म्हणून अकोला. अकोल्यात मी होते, बहिणीकडे जाण्यात कोणाला काही वाटणार नव्हतं. पुढे मला कळलं, की अकोल्याची माणसं याच दुखण्यासाठी चुपचाप अमरावतीला जातात. म्हणजे दोन्हीकडचे पेशंट एसटीच्या खिडकीतून एकमेकांकडे बघत मूर्तिजापूरच्या आसपास कुठंतरी पार होत असणार. वा रे आमचं वऱ्हाड!

आई मात्र अकोल्याला येणार नव्हती. तिला गाडी लागते. हे आमच्या घरातलं जुनं, ठरलेलं वाक्य. माझ्या घराच्या वास्तूला ती आली नाही, कारण गाडी लागते. माझं ऑपरेशन झालं तेव्हाही आली नाही. आलं-लिंबू दे, उलटीची गोळी दे, पुढच्या सीटवर बसव, सगळं सुचवून झालं होतं. मी मनातून त्या गोष्टीवर फार खार खाऊन होते, आणि बोलून दाखवायलाही मागेपुढे पाहत नव्हते. तर आई फाट्यापर्यंत भावाला पोचवायला आली, तिथं शेजारीण भेटली आणि तिनं विचारलं, "कुठी चालले बाप्पा सकाळी सकाळी?"

"अकोल्याले," आई म्हणाली. "पोराले खडा हाय."

झालं. एसटी अमरावतीला पोचेपर्यंत खडा गावभर पोचला.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात मी भावाला घेऊन बसले. खोली भरलेली होती, पण गंमत अशी की पेशंट कोणीच नव्हतं. जो तो कोणासोबत तरी आलेला. एक बाई सुनेसोबत आली होती, सून कुठं दिसत नव्हती. आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, आमच्याच गावात दरवर्षी संत्र्याचे बगीचे घेणारा व्यापारी बसला होता. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणतो. बोलीच्या वेळी त्याचा आवाज दोन शेतं ओलांडून जातो. आम्हाला पाहून चाचा असा दचकला की मलाच वाईट वाटलं.

"मी तं साळ्यासंगं आलो," तो म्हणाला.

"कुठं आहे साळा?"

"गेला असन चाय प्यायले. अन् तुमी?"

भावानं मान खाली घातली आणि म्हणाला, "खडा हाय चाचा."

चाचानं दारावरची पाटी पाहिली, भावाकडे पाहिलं, आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "खडा बहोत तकलीफ देते." मला हसावं की दोघांनाही एकेक ठेवून द्यावी, ते कळेना.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी भावाला सगळं बोलू दिलं. हा आजार आहे, पुष्कळांना होतो, बरा होतो, पण गोळ्या रोज घ्यायच्या आणि मी सांगितल्याशिवाय थांबवायच्या नाहीत, असं त्यांनी दोनदोनदा बजावलं. श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. भाऊ बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग होता. "ताई, याले नाव हाय," तो मला म्हणाला. "मले वाटलं, मलेच होते फक्त."

त्याला फरक पडत गेला. दर खेपेला तो माझ्याकडे यायचा, जेवायचा, गोळ्या घेऊन परत जायचा. हळूहळू चाकू हातात घ्यायला लागला. पण गावात दुसरंच दुखणं वाढत होतं. गावानं खडा मनावर घेतला! कोणी पानफुटीची पानं आणून दिली, कोणी कुळीथाचं पाणी. एकानं केळीच्या खुंटाचा रस काढून आणला आणि प्यायला लावून मगच उठला. दुसऱ्यानं कानात सांगितलं की बिअरनं सटकन पडते, हवं तर मी संग बसतो. भाऊ एखाद्या लग्नात जेवायला बसला की बाजूचा माणूस त्याच्या पानातले टमाटे उचलायचा. वांग्याची भाजी हा त्याचा जीव की प्राण, पण वांग्यात बिया असतात म्हणून त्याला कोणी वांगं वाढेना. किती माया! हीच माया खऱ्या दुखण्याला मिळाली असती, तर मी गावाच्या पाया पडले असते.

आणि मग एका शेजाऱ्यानं अतीच केलं. त्याचा कोणी नातेवाईक अमरावतीला खड्याच्या दवाखान्यात कामाला होता. शेजाऱ्यानं त्याच्याशी परस्पर बोलून भावाचा ऑपरेशनचा नंबरच लावून टाकला आणि गाडी घेऊन दारात उभा राहिला. "चाला, आज काढूनच आनू," म्हणाला. भाऊ नर्सरीत होता. आईची गाळण उडाली. ती म्हणाली, "पडला! आज सकाळीच पडला!"

"पडला? दाखवा."

आमच्याकडे खडा पडला की तो डबीत ठेवतात, आल्यागेल्याला दाखवतात. आई आत गेली. सुपात तांदूळ निवडायला घेतले होते, त्यातला एक खडा तिनं उचलला, काडेपेटीत ठेवला आणि बाहेर आणून दिला. शेजाऱ्यानं तो उन्हात धरून पाहिला. मग बायका आल्या. तो खडा हातोहात फिरला. केवढा टोकदार, कसा सोसला असन लेकरानं, म्हणून एकीनं डोळ्याला पदर लावला. तांदळातला खडा! इतक्या जणींनी आयुष्यभर तांदूळ निवडले, एकीलाही ओळखू आला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण खडा पडला म्हटल्यावर अकोल्याला जायचं कारणच संपलं. गोळ्यांचं पाकीट फळीवर दिसलं की कोणीतरी विचारायचं, आता कायच्या गोळ्या? म्हणून आईनं ते पाकीट उचलून कोठीत टाकलं. भाऊ म्हणाला, आई, डॉक्टरनं बंद करू नोको म्हनलं हाय. आई म्हणाली, "खडा पडला ना आता?" स्वतःच रचलेली गोष्ट तिला स्वतःलाच खरी वाटायला लागली होती! दोन-तीन आठवड्यांनी भावजयीनं मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा मी दुकानातली मशीन बंद केली आणि आईला फोनवर नको नको ते बोलले. आई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी रोडगे हायेत. बायांनी मारोतीले नवस बोलला होता खड्यासाठी. तू ये."

मी फोन आपटला.

गेले. न जाऊन सांगते कोणाला? आंबिया बहाराचा फुलोरा लागला होता, सगळा बगीचा वासानं भरलेला. झाडांच्या कडेला गोवऱ्यांच्या विस्तवात नवसाचे रोडगे, कणकेचे जाड गोळे, भाजत होते, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती, आणि मारोतीपुढं, नारळाच्या शेजारी, ती काडेपेटी उघडी ठेवलेली. तिला हळदकुंकू वाहिलेलं! मी आईकडे पाहिलं. ती माझी नजर चुकवून भाजी ढवळत राहिली.

भावाला टिळा लावून पंगतीच्या मधोमध बसवलं. तो उत्सवमूर्ती ना! मी त्याच्या हातांकडे बघत होते. गोळ्या बंद होऊन काही आठवडे झाले होते. आधी बोटं हलायला लागली, मग मनगटं. घाम फुटला. तो उठायला गेला आणि तिथंच गुडघ्यावर बसला, गळ्याशी हात नेऊन श्वास ओढायला लागला.

"दुसरा खडा!" कोणीतरी ओरडलं. "दोन असन, दोन!"

मग काय विचारता! एकानं कुळीथाचं पाणी तोंडाशी लावलं, दुसरा पाठीवर बुक्क्या मारायला लागला, तिसरा खड्याच्या दवाखान्यात फोन लावून मोठमोठ्यानं बोलायला लागला. चार जण त्याला उचलून गाडीत घालायला निघाले. मी गर्दीत शिरून ओरडत होते, सोडा त्याला, हवा येऊ द्या. कोणी ऐकेना. आई पळी हातात घेऊन उभी, हलेचना.

भावानं उचलणाऱ्यांचे हात झटकले. त्याचा आवाज फुटत नव्हता, पण तो बोलला.

"मले खडा नाई. नव्हताच. मले भेव वाटते."

"कायचं भेव?"

"कायचंच नाई. उगीच वाटते. छातीत कोंबडी फडफडल्यासारखं होते, हातापायाले मुंग्या येते, अन् वाटते आता मेलो. गाडीत, बाजारात, गर्दीत कुठी बी. मी अकोल्याले मनाच्या डॉक्टरकडं जातो. गोळ्यांनी बरं वाटत होतं. तुमच्या खड्यापायी बंद केल्या."

विस्तवावर रोडगे करपायला लागले तरी कोणी हलेना. फोनवरचा माणूस अजून "हालो, हालो" करत होता. आणि मग पंगतीच्या टोकाला बसलेला चाचा उठला. बहाराचा सौदा ठरवायला म्हणून तो गावात आला होता आणि जेवायला थांबला होता. तो गर्दी सारत आला, भावाजवळ खाली बसला आणि त्याचा हात हातात घेतला.

"बाजूले सरा सगळे. कुछ नहीं होत. आस्ते आस्ते श्वास घे बेटा, डॉक्टरनं सांगतलं ना तसा. उतरते हे." मग मान वर करून आपल्या बोलीच्या आवाजात म्हणाला, "माह्यं बी असंच होते. त्याच डॉक्टरकडं जातो मी. साळा-बिळा कोनी नाई, मीच जातो."

थोड्या वेळानं उतरलं. भाऊ पाणी प्यायला. ऑपरेशनचा नंबर लावणारा शेजारी बराच वेळ डोकं खाजवत उभा होता. शेवटी म्हणाला, "पन मंग तो खडा कोनाचा होता?" दुसरा म्हणाला, काही असो, कुळीथ चालू ठेवा, कुळीथानं नुकसान नाही. एका बाईनं आपलं पोरगं भावाच्या बाजूनं उठवून पलीकडे नेऊन बसवलं, ते मी पाहिलं आणि अजून विसरले नाही. भावानं मात्र वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

आई त्या दिवशी चुलीपाशी बसून भावाकडे बघत राहिली. मला वाटलं, अब्रू गेली म्हणून बसली आहे. मी निघताना तिला न भेटताच निघाले. इतका राग होता, की फाट्यावर एसटीत बसल्यावरही माझं मनातल्या मनात भांडण चालूच होतं.

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला, की डॉक्टरकडे येतो आहे. मी अकोल्याच्या स्टँडवर घ्यायला गेले. एसटी लागली. भाऊ उतरला आणि वळून त्यानं हात पुढं केला. मागून आई उतरली. पदराचा बोळा तोंडात दाबलेला, चेहरा पांढराफटक, आणि भावाचं मनगट तिनं असं धरलेलं की त्याच्या हातावर बोटं उमटली होती.

"उलटी झाली का?" मी विचारलं.

"नाई," आई म्हणाली. "उलटी मले कधीच नाई झाली."

दवाखान्यात नेहमीसारखीच खोली भरलेली. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, पेशंट कोण? मी भावाकडे बोट दाखवलं. आईनं माझं बोट खाली केलं.

"त्याचं मंग लिव्हा. अगुदर माहं लिव्हा," ती म्हणाली, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं आपलं पूर्ण नाव सांगितलं.

आम्ही बाकावर बसलो. आई समोरच्या भिंतीकडे बघत हळूच बोलायला लागली.

"तो म्हने ना, छातीत कोंबडी फडफडते. मी तं दुसऱ्या कोनाच्या तोंडून आयकलंच नव्हतं हे. तुह्या ऑपरेशनच्या वक्ती मी फाट्यावर आलती वं. गाडीत बी बसली. मंग उतरली. कोनाले सांगू, भेव वाटते म्हनून? गाडी लागते म्हनलं का कोनी पुढं इचारत नाई."

इतकी वर्षं मी तिच्यावर चिडून होते. आणखीही चिडले, त्याच क्षणी, तिथंच. तिच्यावर नाही. कोणावर, ते मला आजही सांगता येत नाही. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. आई उठली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"चाल ना संग," ती मला म्हणाली. "मले एकटीले भेव वाटते."